दुर्बिणीतली रेघ आणि तिची परीक्षा

दुर्बिणीतून दूरची वस्तू जवळ दिसते, हा तिचा उपयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु ज्या दुर्बिणींच्या आत दोन बारीक रेघांची फुली बसवलेली असते, त्यांच्याकडून याहून मोठे काम अपेक्षित असते, कारण त्या फुलीच्या मध्यावर जो बिंदू दिसतो त्याविषयी दुर्बीण एक ठाम विधान करीत असते. रायफलीवर बसवलेली दुर्बीण, जिला नेमबाज आणि पोलीस दलातील लोक स्कोप म्हणतात, ती गोळी कोठे लागेल हे सांगते. आणि पाटबंधारे खात्याच्या मोजणीत तिपाईवर चढवलेली लेव्हल नावाची दुर्बीण, समोरची जमीन उभ्या जागेहून किती उंच किंवा किती खोल आहे हे सांगते. या फुलीला क्रॉसहेअर म्हणतात. पूर्वीच्या उपकरणांत ती कोळ्याच्या जाळ्यातील तंतू ताणून केलेली असे, आता ती काचेच्या चकतीवर कोरलेली असते. तंतू असो वा कोरीव रेघ, ती दुर्बिणीच्या आत केसभर सरकली तरी बाहेरून काहीही कळत नाही. चित्र तितकेच स्वच्छ दिसते, रेघ तितकीच काळी व सरळ दिसते, आणि दुर्बीण पूर्वीच्याच ठामपणे चुकीचे विधान करू लागते. म्हणून अशा दुर्बिणीवर विश्वास टाकण्यापूर्वी तिची परीक्षा घ्यावी लागते, आणि ती कशी घ्यावी याचे एक छोटे पण पक्के शास्त्र आहे.

परभणी जिल्ह्याशी या शास्त्राचा संबंध रायफलीपेक्षा पाण्यामुळे अधिक जवळचा आहे. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील हा सपाट, काळ्या मातीचा प्रदेश कालव्यांवर मोठी भिस्त ठेवून आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्या धरणातून निघालेला २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा छत्रपती संभाजीनगर आणि जालना हे जिल्हे ओलांडून परभणी जिल्ह्यात येतो. जिंतूर तालुक्यात पूर्णेवरील येलदरी आणि सेलू तालुक्यात दुधनेवरील निम्न दुधना ही धरणे जिल्ह्यातच आहेत. कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, चारीतून पोटचारी असे पाणी उतरत जाते, आणि या साऱ्या प्रवासात पंप नसतो, असतो तो केवळ उतार. हा उतार डोळ्यांना दिसण्याइतका नसतो. एखाद्या वितरिकेचा उतार ५००० ला १ असा ठरवला, तर एक किलोमीटर चालून गेल्यावर तळ जेमतेम २० सेंटीमीटर, म्हणजे सुमारे वीतभर खाली गेलेला असतो. एका किलोमीटरमध्ये वीतभर उतार जमिनीवर आखणे हे मनुष्याच्या नजरेचे काम नव्हे, आणि म्हणूनच ते दुर्बिणीतल्या आडव्या रेघेवर सोपवलेले असते.

लेव्हलची रचना तत्त्वतः साधी आहे. दुर्बीण अगदी आडवी केली की तिच्या आडव्या रेघेतून जाणारी दृष्टिरेषाही क्षितिजाला समांतर होते, आणि ती रेषा दूर उभ्या धरलेल्या, सेंटीमीटरच्या खुणा असलेल्या पट्टीला, म्हणजे स्टाफला, जेथे छेदते तेथील अंक वाचला जातो. मागच्या जागेवरील स्टाफचे वाचन आणि पुढच्या जागेवरील वाचन यांची वजाबाकी म्हणजे त्या दोन जागांच्या उंचीतील फरक होय. विल्यम ग्रॅव्हॅट या इंग्रज अभियंत्याने १८३२ च्या सुमारास या उपकरणाचे आखूड, आटोपशीर रूप तयार केले, तेच पुढे डम्पी लेव्हल या नावाने जगभर आणि भारतातील पाटबंधारे व रस्ते खात्यांत रूढ झाले. तिच्या जुन्या नमुन्यांत स्टाफवरचे अंक उलटे दिसत असत आणि मोजणीदार ते उलटेच सराईतपणे वाचीत असत.

या साऱ्यात एक गृहीत दडलेले आहे, ते असे की दुर्बिणीवरच्या नळीतला बुडबुडा मध्यावर आला म्हणजे दृष्टिरेषा आडवी झालीच. हे गृहीत खरे की खोटे, हे बुडबुड्याकडे कितीही टक लावून पाहिले तरी समजणार नाही. गवंड्याला ही गोष्ट चांगली ठाऊक असते. तो भिंतीच्या थरावर पाणसळ ठेवतो, बुडबुडा पाहतो, आणि मग तीच पाणसळ उचलून, तिची टोके उलटसुलट करून त्याच जागी पुन्हा ठेवतो. दोन्ही वेळा बुडबुडा एकाच जागी थांबला तर पाणसळ खरी. एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे पळाला, तर खोट पाणसळीत आहे, आणि थराचा खरा कल त्या दोन जागांच्या बरोबर मध्ये आहे. या लहानशा कृतीत उपकरण-परीक्षेचे अवघे तत्त्व सामावले आहे: उपकरणाची चूक शोधण्यासाठी त्याहून महाग उपकरण लागत नाही, मांडणी अशी करावी लागते की चूक एकदा एका बाजूला आणि एकदा दुसऱ्या बाजूला पडेल, आणि दोन्हींच्या तुलनेतून ती आपोआप उघडी पडेल.

लेव्हलच्या दृष्टिरेषेची परीक्षा याच तत्त्वावर घेतली जाते. तिला टू पेग टेस्ट, म्हणजे दोन खुंट्यांची परीक्षा, असे म्हणतात आणि स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती शिकवली जाते. बऱ्यापैकी सपाट जागेत ६० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकाव्यात आणि लेव्हल त्यांच्या बरोबर मध्ये, दोन्हींपासून ३० मीटरवर उभी करावी. समजा पहिल्या खुंटीवरच्या स्टाफचे वाचन १.४२५ मीटर आले आणि दुसऱ्या खुंटीवरचे १.२१० मीटर, तर दुसरी खुंटी पहिलीहून २१५ मिलिमीटर उंच आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की दृष्टिरेषा वर किंवा खाली कललेली असली तरी हा फरक खराच येतो, कारण दोन्ही अंतरे सारखी असल्याने कल दोन्ही वाचनांत सारखीच भर घालतो आणि वजाबाकीत ती भर नाहीशी होते. सदोष उपकरणाने निर्दोष उत्तर देणारी ही मांडणी ज्याने प्रथम योजली असेल, त्याच्या बुद्धीचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे.

आता लेव्हल उचलून पहिल्या खुंटीच्या जवळ, तिच्यापासून २ मीटरवर आणि दुसरीपासून ५८ मीटरवर उभी करावी. जवळच्या स्टाफचे वाचन १.३५० मीटर आले असे धरले, तर दुसरी खुंटी २१५ मिलिमीटर उंच असल्याचे आधीच ठाऊक असल्याने तिच्यावरचे वाचन १.१३५ मीटर यायला हवे. तसे आले तर उपकरण शुद्ध आहे. प्रत्यक्षात १.१४७ आले, तर दृष्टिरेषा दोन अंतरांच्या फरकात, म्हणजे ५६ मीटरमध्ये, १२ मिलिमीटर वर चढलेली आहे. शंभर मीटरला सुमारे २१ मिलिमीटर. मग क्रॉसहेअरची चकती ज्या लहान स्क्रूंनी धरलेली असते त्यांपैकी एक किंचित सैल करून समोरचा तितकाच आवळावा, रेघ १.१३५ वर आणावी, आणि एवढ्यावर समाधान न मानता संपूर्ण परीक्षा पुन्हा करावी, कारण स्क्रू आवळताना रेघ पुन्हा हलते हा नेहमीचा अनुभव आहे.

परीक्षेआधी आणखी एक गोष्ट करावी लागते आणि ती बहुधा घाईत राहून जाते. दुर्बिणीसमोर पांढरा कागद धरून, डोळ्याजवळचे भिंग फिरवून, रेघ आधी काळी आणि रेखीव करावी; त्यानंतरच दूरच्या स्टाफवर फोकस आणावा. हा क्रम पाळला नाही तर स्टाफची प्रतिमा आणि रेघ एकाच प्रतलात पडत नाहीत, आणि डोळा जरा वर-खाली केला की रेघ स्टाफवर सरकताना दिसते. या दोषाला पॅरालॅक्स, मराठीत पराशय, म्हणतात. चालत्या गाडीच्या खिडकीतून जवळचे झाड दूरच्या टेकडीवरून सरकताना दिसते, तोच हा प्रकार होय. रायफलीच्या दुर्बिणीतही तो असतो, आणि तेथे गाल बंदुकीच्या दस्त्यावर दर वेळी नेमका त्याच जागी टेकला नाही तर नेम त्यापायी हलतो.

परीक्षा न घेता काम पुढे नेले तर काय होते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. वर सांगितलेली सदोष लेव्हल घेऊन मोजणीदार वितरिकेच्या मार्गाने निघाला, आणि सोयीसाठी प्रत्येक ठिकाणी मागचा स्टाफ ४० मीटरवर व पुढचा ६० मीटरवर ठेवत गेला, तर अंतरातील २० मीटरच्या फरकामुळे दर वेळी सुमारे ४.३ मिलिमीटरची चूक होते. एका किलोमीटरमध्ये उपकरण दहा वेळा मांडावे लागते, आणि चूक दर वेळी एकाच दिशेची असल्याने ती साचत जाऊन ४३ मिलिमीटर, म्हणजे दोन-अडीच बोटे होते. दृष्टिरेषा वर कललेली असल्याने पुढची जमीन आहे त्याहून खोल भासते. त्यामुळे वितरिकेचा तळ हिशेबात २०० मिलिमीटर खाली जातो, पण जमिनीवर प्रत्यक्षात १५७ मिलिमीटरच खाली जातो. पाण्याची गती उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, म्हणून तितक्याच खोलीच्या पाण्याचा प्रवाह सुमारे अकरा टक्क्यांनी घटतो. कालवा कोरडा पडत नाही, फुटत नाही, कोणाच्या नजरेत भरेल असे काहीच घडत नाही; फक्त आवर्तनाचे पाणी शेपटाच्या गावाला उशिरा आणि कमी पोचते. शेपटाला, म्हणजे टेलला, पाणी न मिळण्याची कारणे अनेक असतात, गाळ, गवत, गळती, वरच्या बाजूची जादा उचल आणि नियोजनातील ढिलाई ही त्यांतील ठळक होत, आणि सारा दोष लेव्हलच्या माथी मारणे अन्यायाचे होईल; परंतु जो दोष दहा मिनिटांच्या परीक्षेने टाळता येतो, तो शेतकऱ्याच्या पदरी वर्षानुवर्षे पडू देणे कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरत नाही.

परभणीच्या मातीत या परीक्षेला स्थानिक अडचणींचीही जोड मिळते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीत वरवर पुरलेला दगड, ज्याच्या माथ्यावरची उंची पक्की धरून पुढची सारी मोजणी होते, तो ऋतूनुसार स्वतःच वर-खाली होऊ शकतो. म्हणून अशा खुणेचा, म्हणजे बेंचमार्कचा, पाया काळ्या थराखालच्या मुरमापर्यंत नेणे किंवा ती जुन्या पुलाच्या, मोरीच्या पक्क्या बांधकामावर घेणे शहाणपणाचे असते. ओल्या रानात तिपाईचा एखादा पाय मोजणी चालू असतानाच हळूहळू रुततो. एप्रिल-मे महिन्यांत दहा वाजल्यानंतर जमिनीवरून उठणाऱ्या झळांत स्टाफवरचे अंक पाण्यात हलावेत तसे थरथरतात, आणि दृष्टिरेषा जमिनीलगत जात असेल तर तापलेल्या हवेच्या थरांतून ती वाकतेही. उपकरणाच्या एकाच बाजूवर ऊन पडले की बुडबुड्याची नळी असमान तापून बुडबुडा सरकतो, म्हणून जाणता मोजणीदार लेव्हलवर छत्री धरायला लावतो, वाचने सकाळी लवकर उरकतो आणि स्टाफच्या तळाकडचे अर्धा मीटरखालचे अंक वाचण्याचे टाळतो. परीक्षाही अशाच वेळी घ्यावी. भर दुपारी घेतलेली परीक्षा उपकरणाची होत नाही, हवेची होते.

रायफलीच्या दुर्बिणीकडे वळले की तत्त्व तेच राहते, पण एक नवी जबाबदारी वाढते. लेव्हलची रेघ एकदा बसवली की ती हलू नये एवढीच अपेक्षा असते; स्कोपची रेघ मात्र मुद्दाम हलवायची असते, आणि सांगितली तेवढीच हलली पाहिजे असते. गोळी नळीतून सुटल्या क्षणापासून खाली पडू लागते, आणि लक्ष्य जितके दूर तितकी ती अधिक पडते. म्हणून दूरच्या लक्ष्यासाठी नळीचे तोंड थोडे वर आणि रेघ त्या मानाने खाली अशी रचना करावी लागते. यासाठी स्कोपच्या वर आणि बाजूला खुणा कोरलेल्या घुंड्या असतात. स्कोपच्या बाहेरच्या नळीत आणखी एक बारीक नळी असते, ती एका टोकाला टेकवलेली आणि दुसऱ्या टोकाला घुंडीचा स्क्रू व त्याच्या विरुद्ध बाजूची स्प्रिंग यांच्यामध्ये धरलेली असते. घुंडी फिरवली की ‘टक्’ असा आवाज होऊन स्क्रू एक पायरी पुढे जातो आणि आतली नळी अगदी किंचित कलते. या एका पायरीला क्लिक म्हणतात. क्लिकचे माप कोनात सांगितले जाते. एक मिल म्हणजे हजार मीटरवर एक मीटर व्यापणारा कोन. ज्या स्कोपची क्लिक दशांश मिलची आहे, तिच्या एका क्लिकने शंभर मीटरवर रेघ एक सेंटीमीटर सरकली पाहिजे. काही स्कोपवर मिलऐवजी अंशाचा साठावा भाग, म्हणजे मिनिट, वापरतात. पाव मिनिटाची क्लिक शंभर मीटरवर सुमारे ७.३ मिलिमीटर होते.

घुंडीवर कोरलेला हा आकडा कारखान्याने दिलेले वचन असते, आणि ते पाळले जाते का हे पाहण्यासाठी एकही गोळी झाडण्याची गरज नसते. रायफल रिकामी करून, तिचा बोल्ट काढून, किंवा नुसती स्कोप वेगळी काढून, ती हलणार नाही अशा जड बैठकीत घट्ट बसवावी. टेपने मोजून शंभर मीटरवर दीड मीटर उंचीचा फलक उभा करावा आणि त्यावर ओळंब्याच्या दोरीबरहुकूम एक उभी रेघ आखून तिच्यावर सेंटीमीटरच्या खुणा कराव्यात. अंतर पावलांनी मोजून चालत नाही, कारण शंभरऐवजी ९९ मीटर भरले तर एक टक्का चूक परीक्षेतच शिरते आणि तिचा दोष विनाकारण स्कोपवर येतो. रेघांचा छेद फलकावरच्या शून्य खुणेवर आणून घुंडी शंभर क्लिक फिरवावी. दशांश मिलच्या शंभर क्लिक म्हणजे दहा मिल, आणि दहा मिल म्हणजे शंभर मीटरवर नेमका एक मीटर. छेद शंभराव्या सेंटीमीटरवर पोचला तर वचन खरे. तो सत्त्याण्णवाव्या सेंटीमीटरवर थांबला, तर घुंडी तीन टक्के कमी देते. जवळच्या लक्ष्यावर हे जाणवणारही नाही. पण सहाशे मीटरवर चार मिलची दुरुस्ती करायची असेल, तर २.४ मीटरच्या त्या दुरुस्तीत सात सेंटीमीटरची तूट पडते. याच परीक्षेत छेद उभ्या रेघेला धरून चढतो की एका अंगाला सरकत जातो, तेही दिसते. सरकत असेल तर क्रॉसहेअर आणि घुंडीची चाल यांचा मेळ नाही, किंवा स्कोप रायफलीवर तिरपी बसली आहे.

यानंतरची परीक्षा चौकोनाची. घुंड्या क्रमाने वर, उजवीकडे, खाली आणि डावीकडे सारख्याच क्लिक फिरवून छेद मूळ बिंदूवर परतला पाहिजे. हे एकदा झाले म्हणजे पुरे होत नाही. घुंडी शेवटापर्यंत नेऊन परत आणण्याची कृती वीस-पंचवीस वेळा करून मग पुन्हा पाहावे, कारण थकलेली स्प्रिंग पहिल्या दोन वेळा साथ देते आणि पुढे आतली नळी घुंडीच्या मागे रेंगाळू लागते. अशी रेंगाळणारी नळी पुढच्या हादऱ्याने एकदम जागेवर उडी घेते. प्रतिमा कमी-जास्त मोठी करता येणारी स्कोप असेल तर सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या प्रतिमेवर छेद त्याच बिंदूवर राहतो का, हेही तपासावे लागते.

शेवटची परीक्षा हादऱ्याची, आणि ती मात्र गोळी झाडूनच होते. येथे घाईचा निष्कर्ष काढण्याचा मोह फार असतो. तीन गोळ्या झाडल्या, त्या पूर्वीपेक्षा दोन सेंटीमीटर बाजूला लागल्या, की स्कोप सरकली असे म्हटले जाते. वास्तविक काडतुसांतील लहान-मोठा फरक, वारा, तापलेली नळी आणि नेमबाजाचा श्वास यांमुळे उत्तम रायफलीच्या गोळ्याही एका छिद्रातून जात नाहीत. दहा-दहा गोळ्यांचे गट घेऊन त्यांचे मध्यबिंदू ताडून पाहावेत, आणि तरीही शंका उरली तर त्याच रायफलीवर दुसरी, खात्रीची स्कोप चढवून तीच कृती पुन्हा करावी. दोष स्कोपबरोबर गेला तर तो तिचा, रायफलीपाशी राहिला तर रायफलीचा. गवंड्याने पाणसळ उलटून ठेवली होती, ती रीत येथेही उपयोगी पडते.

महाराष्ट्रातील वाचकाला नेमबाजी म्हटले की तेजस्विनी सावंत, अंजली भागवत आणि अलीकडे स्वप्निल कुसाळे यांची नावे आठवतात. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल तीन पोझिशन या प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्यांच्या रायफलीवर दुर्बीण नव्हती, कारण या स्पर्धांत ती चालत नाही. बारीक छिद्राच्या चकतीतून पाहून, अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाच्या दहा गुणांच्या वर्तुळावर नेम धरावा लागतो. परंतु त्या छिद्राच्या चकतीलाही क्लिकच्या घुंड्या असतात, वारा बदलला की नेमबाज दोन गोळ्यांच्या मध्ये त्या फिरवतो, आणि तीन क्लिक पुढे नेऊन तीन क्लिक मागे आणल्यावर चकती मूळ जागी आलीच पाहिजे, या विश्वासावर त्याची अनेक वर्षांची मेहनत उभी असते. पोलीस आणि सैन्यदलांत ही बाब पदकापुरती राहत नाही, तेथे ती जीविताची होते.

या दोन्ही उपकरणांच्या परीक्षांतून एक भेद स्पष्टपणे पुढे येतो, आणि तो सामान्य वाचकाने मनात ठेवण्याजोगा आहे. चूक दोन जातींची असते. जी स्कोप नेहमीच तीन टक्के कमी देते ती चुकीची असली तरी विश्वासू असते. शंभरऐवजी एकशे तीन क्लिक द्याव्यात, एवढी नोंद घुंडीजवळ चिकटवली की ती निर्धास्तपणे वापरता येते. जी स्कोप आज पूर्ण देते, उद्या दोन टक्के कमी आणि परवा एक टक्का जास्त, तिची सरासरी उत्तम असली तरी ती निरुपयोगी होय. लेव्हलचेही तसेच आहे. जिची रेघ कायम वर कललेली आहे, ती पुढचे-मागचे अंतर सारखे ठेवून सुखाने वापरता येते. पण जिच्या स्क्रूंत ढिलाई आहे आणि जिची रेघ जीपच्या प्रत्येक धक्क्याने नवी जागा घेते, तिच्यापुढे कोणतीही युक्ती चालत नाही. अचूकपणा आणि भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विकत घेताना बहुतेक लोक पहिलीचीच चौकशी करतात.

भारतातील मोठ्या मोजणीच्या इतिहासातही हा भेद फार आधी ओळखला गेला होता. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा, म्हणजे त्रिकोणांची आधाराची बाजू, मोजून सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी उत्तरेकडे सरकत हैदराबादच्या निजामाच्या मुलखात आली आणि बीदरजवळ १८१५ मध्ये तिची आणखी एक पायारेषा मोजली गेली. परभणी तेव्हा याच मुलखात होती. लॅम्बटन यांचा सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट, म्हणजे आडवे व उभे कोन मोजणारी मोठी दुर्बीण, १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना आदळला आणि त्याचे कोनांच्या खुणा असलेले वर्तुळ वाकले. लॅम्बटन यांनी तो टाकून न देता सुमारे सहा आठवडे खपून ते वर्तुळ पुन्हा गोल केले, आणि पुढची कित्येक वर्षे त्याच यंत्राने काम चालवले. वाकलेल्या यंत्रावर विसंबणे शक्य झाले ते मोजण्याच्या पद्धतीमुळे: तोच कोन वर्तुळाच्या वेगवेगळ्या भागांवर घ्यायचा, म्हणजे खुणांमधील खोट एकदा अधिक आणि एकदा उणी पडून सरासरीत विरते. लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे निवर्तले. त्यांच्यामागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हीच पद्धत अधिक काटेकोर केली. त्यांच्या काळात उपकरणे दुरुस्त करण्याच्या कामात अर्काटहून आलेले सय्यद मीर मोहसिन हुसेन नावाचे कारागीर नावारूपाला आले आणि पुढे साऱ्या सर्वेक्षणाच्या उपकरणांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मोजणीच्या इतिहासात साहेबांची नावे शिखरांना मिळाली. वर्तुळावरच्या खुणा ज्यांच्या हातांनी खऱ्या राहिल्या, त्यांचा उल्लेख मात्र पुस्तकांत ओळीभरच सापडतो.

आजकाल कामावर बहुधा ऑटो लेव्हल दिसते. झाइस या जर्मन कारखान्याने १९५० मध्ये बाजारात आणलेल्या नमुन्यापासून हा प्रकार पसरला. तिच्यात बारीक तारांवर टांगलेला प्रिझम असतो, आणि दुर्बीण थोडीशी तिरपी असली तरी तो ओळंब्यासारखा लोंबून दृष्टिरेषा आपोआप आडवी करतो. या सोयीमुळे काम झपाट्याने होऊ लागले, पण तिच्यामुळे परीक्षेची गरज संपली असा एक समज पसरला, तो घातक आहे. टांगलेला प्रिझम धुळीने किंवा ओलीने चिकटू शकतो, आणि चिकटला तरी दुर्बिणीत सर्व काही नेहमीसारखेच दिसते. म्हणून स्टाफकडे पाहत दुर्बिणीला बोटाने हलकेच टिचकी मारावी; रेघ क्षणभर थरथरून त्याच अंकावर परत बसली तर प्रिझम मोकळा आहे. मग तिपाईवरचा एक पाय-स्क्रू किंचित फिरवावा. रेघ हलून पुन्हा मूळ अंकावर आली पाहिजे. ही झाली लेव्हलची ‘परत मूळ जागी’ येण्याची परीक्षा, स्कोपच्या चौकोनाची सख्खी बहीण. दोन खुंट्यांची परीक्षा मात्र ऑटो लेव्हललाही तशीच घ्यावी लागते. उपग्रहांच्या साह्याने जागा ठरवणाऱ्या नव्या यंत्रांनी मोजणीचा वेग विलक्षण वाढवला आहे, परंतु उंचीच्या बाबतीत त्यांची चूक रोजच्या वापरात सेंटीमीटरांत असते, आणि ज्या चारीचा सारा उतार किलोमीटरला वीतभर आहे तेथे शेवटचा शब्द अजून लेव्हलचाच असतो.

महाराष्ट्राने २००५ च्या कायद्याने सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे सोपवण्याची वाट मोकळी केली. चारी दुरुस्त करताना तिचा तळ पुन्हा उतारात आणण्याचे काम अशा संस्थांपुढे येतेच, आणि तेव्हा भाड्याने आणलेली लेव्हल खरी की खोटी हे ठरवण्याचे साधन त्यांच्या गावातच असायला हवे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा अशा ठिकाणी पाटबंधाऱ्याच्या उपविभागाच्या आवारात, काळा थर ओलांडून मुरमात पाया घेतलेले दोन काँक्रीटचे खांब साठ मीटरवर उभे करावेत, त्यांच्या माथ्यावर गोल डोक्याचे लोखंडी खिळे बसवावेत, त्यांच्या उंचीतील फरक मिलिमीटरपर्यंत मोजून भिंतीवर रंगवून ठेवावा, आणि दर पावसाळ्यानंतर तो पुन्हा मोजावा. सकाळी कामावर निघालेला मोजणीदार पहिल्या खांबाजवळ तिपाई लावेल, दोन्ही खांबांवर स्टाफ धरून दोन अंक वाचेल, त्यांची वजाबाकी भिंतीवरच्या आकड्याशी ताडून पाहील, आणि मोजणीवहीच्या पहिल्या पानावर तारखेखाली ती लिहूनच चारीकडे जाईल.